सृष्टीची सीट आणि माझ्या कमरेची किल्ली

मी, भिमाबाई कोंडाजी दोंदे, वय ७२, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे (सध्या बंद), राहणार उपनगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला राग आलेला आहे, पण राग येणे म्हणजे डोके फिरणे नव्हे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी कोणाच्या दबावात राहिले असते तर हा कागद झालाच नसता.

वकीलसाहेब म्हणाले, डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडा. मी आमच्याच गल्लीतल्या डॉ. निकिता केदारे यांचा आणला. तो वकीलसाहेबांनी परत केला. "आजी, या दातांच्या डॉक्टर. एमबीबीएसचा आणा." दुसराही आणला. तो देणाऱ्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. निकिताने अर्धा तास बसवून घेतले, बीपी मोजले, चार प्रश्न विचारले, मग सही केली. दोन्ही दाखले सोबत आहेत. मला कोणी जास्त तपासले ते कोर्टाने बघावे.

कलम १. माझी मालमत्ता. उपनगरचे घर, नाशिकच्याच द्वारका चौकातला दहा बाय बाराचा गाळा, बँकेतली ठेव आणि एक लोखंडी कपाट. घर आणि गाळा माझ्या नावावर आहेत आणि दोन्ही कवळ्यांवर उभे आहेत. मी सायखेड्याची, सातवी पास. लग्न होऊन आले तेव्हा दात फक्त घासायचे माहीत होते. कोंडाजींनी मला मेणावर दात बसवायला शिकवले. म्हणायचे, "भिमा, अगदी ओळीत नको बसवू. माणसाचे दात थोडे वाकडेच असतात, तेव्हाच ते त्याचे वाटतात." चौतीस वर्षे मी तेच केले. निम्मे नाशिक माझ्या दातांनी भाकरी चावत होते आणि त्यांना माझे नाव ठाऊक नव्हते.

कारण एक मोठे डॉक्टर (नाव लिहीत नाही, ते वारले) पेशंटला सांगायचे की कवळी मुंबईहून येते. मी डबा घेऊन गेले की मला मागच्या जिन्याने यायला लावायचे. त्यांना मी काही ठेवत नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडातली कवळीही माझीच होती. ती त्यांच्यासोबत गेली, तेवढे पुष्कळ झाले.

कलम २. हत्यारे. मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि पितळी जबडा, म्हणजे ज्यावर वरचा-खालचा साचा बसवून चावा बघतात ते यंत्र, हे सगळे माझी नात सृष्टी भारत दोंदे हिला. लहानपणी ती हा जबडा उघडमीट करत तासन्‌तास बसायची. तेव्हा कोणी तिला ते खेळणे आहे म्हणाले नाही, मीही नाही.

कलम ३. माझा मुलगा भारत. अंबडच्या कंपनीत सुपरवायझर. पोरीच्या क्लाससाठी त्याने दोन वर्षे ओव्हरटाइम केला, हे मी नाकारत नाही. पण पुढचेही लिहिणारच.

गेल्या वर्षी सृष्टीला नीटच्या मार्कांवर सरकारी कॉलेजात बीडीएसची सीट लागली. आमच्या खानदानात पहिल्यांदा. मी पेढे आणायला पिशवी काढली, तर हा म्हणतो, "आई, दातांचा डॉक्टर काय डॉक्टर असतो का? लोक विचारतील पोरगी काय करते, तर काय सांगू, दात उपटते? एक वर्ष अजून बसू दे, एमबीबीएस होऊन जाईल."

मी विचारले, "तुझ्या तोंडात पुढचा दात कोणाचा आहे?"

हसला आणि निघून गेला. बारा वर्षांचा असताना क्रिकेट खेळताना त्याचा पुढचा दात पडला होता. तो मी करून बसवला. वाढत्या वयाबरोबर तीनदा बदलला. लग्नाच्या फोटोत तो त्याच दाताने हसतो आहे. त्याच दातामागून तो बोलला की हे डॉक्टरचे काम नाही. मला त्या दिवशी राग आला तो अजून गेलेला नाही.

पुढे त्याने भांडण केले नाही. नाही म्हणालाच नाही. फक्त दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि जात वैधतेचा दाखला फाइलीत घालून माझ्या लोखंडी कपाटात ठेवला आणि म्हणाला, "आई, किल्ली जप." मूळ कागद घेऊन ठरलेल्या तारखेला हजर झाले नाही की सीट आपोआप जाते. तारीख गेली, सीट गेली. पोर वर्षभर पुन्हा त्याच पुस्तकांवर बसली. हसणे विसरली. यंदा मार्क तेवढेच आले.

कलम ४. घर. आधी मी असे लिहिले होते: "सृष्टीने नाशिकमध्येच दंतवैद्यकी शिकावी आणि पुढे द्वारकेच्या गाळ्यात दवाखाना घालावा. तसे केल्यास घर तिचे, एरवी नाही." ही दोन वाक्ये खोडली आहेत. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

का खोडली तेही लिहिते. मोठ्या हौसेने मी तिला हे कलम वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजी, पप्पांना मी एमबीबीएस हवी, तुला मी तुझ्या गाळ्यावर हवी. मला काय हवंय ते दोघांपैकी एकाने तरी विचारलंय का?"

मी म्हणाले, "मग सांग की."

"मला दातच करायचेत. पण नागपूरला. सरकारी ओपीडीत रोज रांग लागते, तिथे हात बसतो. इथे राहिले तर तू आणि पप्पा मिळून मला तुमच्या साच्यात घालून माझी कवळी कराल."

मुलावर तोंडसुख घेणारी मी, घराची दोरी बांधून पोरीला त्याच खुंट्याला बांधत होते. म्हणून घर सृष्टीला, कोणत्याही अटीशिवाय. ती दातांची डॉक्टर होवो, न होवो, नागपूरला राहो की आणखी कुठे. भारत आणि सून प्रतिभा यांना हयात असेपर्यंत घरात राहण्याचा हक्क राहील. बँकेतली ठेवही सृष्टीची.

कलम ५. द्वारकेचा गाळा माझी सून प्रतिभा हिला. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिच्याकडेच. या घरात वीस वर्षे तिला कोणी काही विचारले नाही. आता प्रत्येक सहीसाठी सगळ्यांना तिलाच विचारावे लागेल.

कलम ६. माझा गुन्हा. गेल्या वर्षी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सृष्टी माझ्याकडे आली होती. "आजी, किल्ली दे ना." किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हणाले, "पप्पांना विचार." एवढेच. भारतला मी इतके बोलले, पण कपाट माझे होते आणि किल्लीही माझीच. मुलाशी वाकडे नको, एवढ्या भीतीपायी मी नातीचे वर्ष घालवले. हे कोणी माझ्यामागे झाकू नये.

कलम ७. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. यंदा पहिल्याच फेरीत सृष्टीला नागपूरची सीट लागली आहे आणि हजर होण्याची शेवटची तारीख उद्या आहे. आज सकाळी भारत कामावर गेल्यावर मी कपाट उघडले आणि फाइल तिच्या हातात ठेवली. ती आणि प्रतिभा नागपूरच्या रेल्वेत बसल्या आहेत. भारतला वाटते, त्या सिन्नरला प्रतिभाच्या माहेरी गेल्या. संध्याकाळी तो आला की मीच त्याला सांगणार आहे. ओरडायचे असेल तर माझ्यावर ओरडावे, मी घरीच आहे.

कलम ८. लोखंडी कपाट भारतला, किल्लीसकट. वरच्या खणात त्याच्या बाराव्या वर्षीच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा आहे, पुढचा दात नसलेला. तो मी इतकी वर्षे फुटू दिला नाही. खालचा खण रिकामा आहे. तो मी गेल्या वर्षीच रिकामा करायला हवा होता.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. यानंतरही करणार नाही, कारण सांगायचे होते ते सांगून झाले.

लिहून देणार: भिमाबाई कोंडाजी दोंदे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. निकिता केदारे, बीडीएस, उपनगर (सही)
२. चिमणाबाई भिका पगारे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

आम्ही दोघी एकाच वेळी हजर होतो. भिमाबाईंनी आमच्यासमोर प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानाच्या आधी त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर सृष्टी म्हणाली, "आजी, भुसावळ गेलं." त्यांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि मग सही केली.

ठिकाण: नाशिक
दिनांक: २० ऑगस्ट २०२५