नरहरीचा खुंट आणि माझी मापाची काठी

मी, दयाराम सुकाजी मेश्राम, वय एकाहत्तर, निवृत्त मुकादम, राहणार उरला, रायपूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या धाकात नसताना हे लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल घरात दुमत आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर आणि बँकेतली ठेव पत्नी सरिता हिला, तिच्या पश्चात मुलगा यशदीप याला. यावर वाद नको.

२. माझी मापाची काठी नया रायपूरच्या संग्रहालयाने मागितली आहे. तिथे सहासष्टच्या दुष्काळात तलाव खोदणाऱ्या टोळ्यांचं दालन आहे. भिंतीवर पुरुषभर उंच फोटो कोणाचा, तर दुसऱ्या टोळीचा मुकादम नरहरी याचा. माझं नाव औषधालाही नाही. तीनदा जाऊन पाहिलं, तिन्ही वेळा जळफळाट झाला. कारण त्याच्या शेजारी डोक्यावर टोपलं घेतलेली सरिता हसते आहे. फोटो निघाला तेव्हा ते हसणं मी समोरून पाहिलं होतं. लग्नानंतर तसं एकदाही माझ्या वाट्याला आलं नाही.

३. आता कबुली. खोदताना मधे न खोदलेला मातीचा खुंट राखून ठेवत आणि त्याच्या उंचीवरून काम मोजत. फोटोनंतरच्या आठवड्यात नरहरीचा खुंट माझ्या खुंटापेक्षा हातभर उंच भरला, म्हणजे त्याचं काम जास्त. त्याने वरून माती थापली आहे, असं मी मोजणीच्या साहेबांना सांगितलं. खुंटाच्या माथ्यावर जुन्या गवताची मुळं जशीच्या तशी होती, म्हणजे वरून माती पडलीच नव्हती; ती मुळं मी पाहिली होती. साहेब वर चढलेच नाहीत. नरहरीला काढलं, तो मुलुख सोडून गेला. त्याची टोळी मला मिळाली, आणि टोळीतली सरिताही. खुंटाचं नुसतं निमित्त होतं, मला ते हसणं सोसलं नव्हतं.

४. गेल्या रविवारी फोटोसमोर उभं राहून मी सरिताला विचारलंच, तेव्हा काहून हसून राहिली होती म्हणून. ती म्हणाली, "फोटोवाल्याच्या मांगं तुमी मुरमावर घसरून पडले ना. मले त्याचंच हासू आलं."

५. म्हणून काठी संग्रहालयाला द्यावी, पण माझ्या नावाने नाही. खाली पाटी लावावी: नरहरीचा खुंट खरा होता. त्याची मुलगी माया लग्न होऊन इथे रायपुरातच पुरानी बस्तीत असते, या कागदाची एक प्रत तिला द्यावी. काठीवरही त्याचंच नाव लागणार, याचा आज लिहितानाही मला हेवा वाटतो. तरी तसंच करावं.

६. कलम तीन मी सरिताला सांगितलेलं नाही, तेवढी छाती नाही. मी गेल्यावर यशदीपने ते तिला वाचून दाखवावं, पण त्या फोटोसमोर नको.

साक्षीदार: श्रीपाद वासनिक (सही), भावना रामटेके (सही)
लिहून ठेवणार: दयाराम सुकाजी मेश्राम (सही)
रायपूर, १४ नोव्हेंबर २०११