दुपारची एक गोळी

८ एप्रिल १९७२
आलो एकदाचा नागपुरात! वर्ध्याला प्रॅक्टिकलच्या वेळी सरांची कॉलर धरली आणि बी.एस्सी. तिथंच संपली. बाबांचे मित्र चंपतरावकाका यांचं रामदासपेठेत औषधांचं दुकान आहे, त्यांनी ठेवून घेतलं. दुकानामागची खोलीही दिली. खाट आहे, वाळ्याची ताटी आहे, गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार आहे. राजा आहे मी! उन्हामुळे दुकान एक ते चार बंद. काका शटरला बाहेरून कुलूप लावून प्रतापनगरला जेवायला जातात. काम सोपं: चिठ्ठीवर असेल ते द्यायचं आणि शिक्का मारायचा. काकांनी एकच बजावलं, की डॉक्टरच्या चिठ्ठीले पेन लावायचा नाही. आणि डोकं थंड ठेव गा, इथं गिऱ्हाईक येते, मास्तर नाही.

१९ एप्रिल
शामला. गल्लीतलं तिसरं घर. आई जिजाबाईंच्या झोपेच्या गोळ्या न्यायला येते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलंय, ‘रात्री एक’. दुपारी ये ना गप्पा मारायला, असं मी म्हटलं तर हसली. म्हणाली, आई दिवसभर दारात पहारा देते. ती घोरायला लागली तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल, तेव्हा बघू.
मला आज जेवण गेलं नाही.

२४ एप्रिल
चिठ्ठी पुन्हा आली. ‘रात्री एक’च्या खाली मी ‘दुपारी एक’ लिहिलं. तीच निळी शाई, डॉक्टरांसारखाच तिरका र. दहा गोळ्यांच्या वीस केल्या. शामलाला सांगितलं, डॉक्टरांनी वाढवून दिल्यात. तिनं मान डोलावली.

२७ एप्रिल
आली! दीडला मागच्या दारावर टिचकी वाजली. आई झोपली, म्हणाली. घोरणं इथपर्यंत ऐकू येत होतं. दोघं तोंड दाबून हसलो. अर्धा तास बसली. एवढं सुख मला माहीतच नव्हतं.

३ मे
जिजाबाई गेल्या.
शामला तेव्हा इथंच होती, माझ्या खाटेवर. चारला घरी गेली तर आई थंड पडलेली. घोरणं कधी थांबलं, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

६ मे
डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून सांगितलं, खालची ओळ माझी नाही. ठाण्यात नेलं. अक्षर ताडून बघायला माझ्याकडून ‘दुपारी एक’ पन्नास वेळा लिहून घेतलं. कागद परत घेतल्यावर फौजदार थबकले. माझ्या ओळींखाली आणखी एक होती, थरथरत्या हातानं लिहिलेली: ‘मले उठव’. चेष्टा करतो काय बे, म्हणून त्यांनी कानाखाली वाजवली. ती ओळ मी लिहिली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच माझा हात उलटा उठला नाही.

११ मे
चिठ्ठीत फेरफार आणि त्यातून मृत्यू, असे दोन गुन्हे. जामीन काकांनी दिला. अट अशी की राहायचं याच खोलीत आणि शामलाला भेटायचं नाही. तिचे मामा रुपराव तिला उमरेडला घेऊन गेले. वकील म्हणतात, ‘डॉक्टरांनी वाढवून दिल्या’ हे मीच तिला सांगितलं होतं, असं ती कोर्टात बोलली की मी आत गेलो. बोलेल ती. तरी मला तीच हवी आहे.
गल्लीतले दारावर दगड मारतात. बाहेर निघायची सोय नाही.

१३ मे
दुपारी एकला शटर पडलं. सव्वाला घोरणं सुरू झालं.
तिसऱ्या घराला तर कुलूप आहे.

१५ मे
काल घोरणं गल्लीच्या नळापाशी होतं. आज दाराला लागून. काकांना सांगितलं. उन्हानं होते गा, म्हणाले, पण थांबले माझ्यासोबत. सव्वाला बसल्या जागी झोपले. हलवलं. चिमटे काढले. तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. चारला आपोआप उठले. विचारतात, मले ओलं काहून केलं?

१६ मे
आता घोरण्याच्या मधेमधे जिजाबाई बोलतात. झोपेतच. मले उठव गा. लय झालं. मले उठव —
कसं उठवू? माफी मागितली. दाराला डोकं टेकून, मोठ्यानं. फौजदारांपुढं सगळं कबूल करतो म्हणालो. घोरणं तसंच —

१७ मे
काका आले नाहीत. शटरला बाहेरून कुलूप. एक वाजला.

सव्वा. आज घोरणं नाही. काहीच नाही.

दीड. टिचकी.
आई झोपली, म्हणते. उघड नं.
आवाज शामलाचा. तिचाच. पण ती उमरेडला — सकाळीच तिच्या मामांनी वकिलांकडून कळवलं, साक्षीपर्यंत ती तिथंच —
हसली. तोंड दाबून. तसंच.
उठलो नाही. खाटेवरच लिहितो आहे. विचारलं, शामला, आई खरंच झोपली?
म्हणते, नाही, उठली नं आता. हे काय, माह्या मांगंच उभी —

कडी मी काढली नाही. मी तर इथं — कडी