मोज्यातले दाजी

३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसात आज एक नवी बाई रुजू झाली. चहाच्या वेळी प्रत्येकाला विचारत सुटली, तुमचा छंद कोणता? एक म्हणाला पोहणं, एक म्हणाला गिटार. मग माझी पाळी. मी वजनमापे निरीक्षक, बावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय. म्हणालो, "छंद... म्हणजे... काटे." सगळे खो खो हसले. मी विनोद केला असं वाटलं त्यांना. मी विनोद केलाच नव्हता!

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "गॅस संपत आलाय, नंबर लाव." मुलगा हॉस्टेलला गेल्यापासून आमचं बोलणं एवढंच – गॅस, लाइट बिल, गळका नळ. भांडण नाही. भांडायला तरी विषय लागतो. कधीकधी वाटतं, असंच चालू राहिलं तर एक दिवस आम्ही एकमेकांना नुसत्या चिठ्ठ्या डकवू. मला भीती वाटते त्याची.

४ सप्टेंबर, बुधवार

आठवलं! लहानपणी मला शब्दभ्रमकार व्हायचं होतं. हातात बाहुली, आपले ओठ बंद, आणि बोलणार ती. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "आधी तोंड उघडून नीट बोलायला शीक." विषय संपला.

मुलाच्या कपाटात एक मोजा सापडला. हिरवा, पट्ट्यापट्ट्यांचा, जोडीदार बेपत्ता. डोळ्यांच्या जागी दोन बटणं शिवली. एक जरा वर गेलंय, त्यामुळे कायम संशयाने बघतो. आमच्या खात्यात सहज खपेल.

७ सप्टेंबर, शनिवार

भलतंच अवघड काम आहे हे. क, ट, त गुमान येतात. पण प, फ, ब, भ, म – ओठ मिटल्याशिवाय येतच नाहीत. "मी बोलका मोजा" म्हणायला गेलो, निघालं "नी गोलका नोजा". बाथरूमच्या आरशासमोर चेहरा दगडासारखा ठेवून अर्धा तास हेच. बाहेरून बायको – "दाढ दुखतेय का?"

मोज्याचं नाव ठरलं. ओठ न मिटता म्हणता यायला हवं होतं. दाजी!

९ सप्टेंबर, सोमवार

आज हद्द केली. धान्याच्या दुकानात तपासणी. काट्यावर प्रमाणित वजन ठेवलं आणि काय अवदसा आठवली, तोंड न हलवता कण्हलो, "आई गं..." दुकानदार पांढराफटक. काट्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी एकदम गंभीर. दोन मिनिटांत हात जोडून म्हणाला, "साहेब, खाली चुंबक लावलंय. काढतो."

बावीस वर्षांत इतक्या पटकन कोणी कबूल झालं नव्हतं.

११ सप्टेंबर, बुधवार

पकडला गेलो. बायको लवकर घरी आली. मी सोफ्यावर, हातात मोजा, तोंड अर्धवट उघडं.

"हे कोण?"

"नी दाजी."

तिला बहीण नाही. "बहिणीचा पत्ता नाही आणि दाजी हजर," म्हणाली, पर्स ठेवली आणि खुर्ची ओढून समोरच बसली. "बसा दाजी. चहा घेणार ना?" मला अरेतुरे आणि मोज्याला अहोजाहो!

मग दाजींना ती सांगत बसली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे ती. आज साहेबांचा सरबताचा ग्लास चुकून नमुन्यांत गेला. अहवाल आला – पिण्यास अयोग्य. मी पोट धरून हसलो. दाजींना हसता येत नाही, त्यांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. चहा मलाच प्यावा लागला, दोन कप.

१६ सप्टेंबर, सोमवार

आता रोज संध्याकाळी बैठक. एक नियम आपोआप पडलाय – दाजींना सांगितलेलं मला ऐकू येत नाही. छान चाललं होतं. आज तिने दाजींच्या कानाशी (कान नाही, टाचेशी) वाकून सांगितलं, "ह्याला सांगू नका हं. मला बढती मिळतेय. नवं जलशुद्धीकरण केंद्र, इथून सहा तासांवर. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

दाजींचा जबडाच पडला. जबडा म्हणजे माझा अंगठा.

मग माझ्याकडे वळून – "भाजी कुठली करू?"

१७ सप्टेंबर, मंगळवार

काही माहीत नाही असं वागलो. शर्ट इस्त्रीखाली जाळला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज तिने विचारलं, "दाजी, जाऊ का?"

नको जाऊस. अगदी जिभेवर होतं माझ्या. पण ती मला कुठे विचारत होती? आणि दाजी पडले समजूतदार गृहस्थ. म्हणाले, "जा. अशी संधी सारखी येत नाही."

"आणि ह्याचं काय?"

"ह्याचं नी गघतो."

ती हसली नाही. दाजींचं वर गेलेलं बटण सरळ करत बसली. माझा हात आत होता. तिची बोटं कळत होती.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तिने मला रीतसर सांगितलं. मी "अरे वा!" इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या काकू दारात आल्या. काकू गेल्यावर ती म्हणाली, "तुला काही म्हणायचं नाही?"

"छान झालं की."

तिने जेवणाचा डबा जरा जोरातच बंद केला.

२९ सप्टेंबर, रविवार

ती गेली. बॅग गाडीत चढवताना विचारलं, दाजींना नेतेस का? म्हणाली, "राहू देत. तुला सोबत."

संध्याकाळी दाजी आणि मी समोरासमोर बसलो. मी म्हणेन तेच ते म्हणतात. चर्चेत काही मजा नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तिचा फोन आला. मी धडपडत मोजा हातात चढवला. ती म्हणाली, "दाजी नकोत. तू बोल. त्या दिवशी तू काहीच का नाही म्हणालास?"

मोजा काढला. म्हणालो, "मला नको होतं तू जायला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "गेलेच असते मी. पण हे ऐकून गेले असते."

उद्या सकाळची पहिली बस पकडतोय.