हवा तोडली

सोमवार
आज ताईकडे मुक्कामाला आलो. हाडं तेवढी उरलीत, असा शेरा तिने दारातच मारला आणि लगेच ताट वाढले. घर खाणीच्या वसाहतीत आहे. बरोबर त्याच्या खाली, जमिनीच्या पोटात, कोळसा काढून बंद केलेला भाग. तिथे उरलेला कोळसा प्राणवायू शोषून आपोआप तापतो आणि एक दिवस पेट घेतो. ते रोखणारे जेल मी आणले आहे: पाण्यात विरघळवलेली काच आणि एक क्षार. पाण्यासारखे भेगेत शिरते, मग दह्यासारखे घट्ट बसते. कोळसा गार होतो आणि त्याची हवा तुटते. इतकी देखणी युक्ती विरळाच.

बुधवार
बंद भागाच्या तोंडाशी विटांची भिंत आहे. ती श्वास घेते. यात भुताटकी नाही: बाहेरचा दाब उतरला की भेगांतून विषारी वायू बाहेर येतो, चढला की हवा आत जाते. त्या वायूला वास नसतो; आधी डोके दुखते, मग झोप येते, गाल मात्र गुलाबी होतात. भावोजी तिथले पर्यवेक्षक. ते म्हणाले, मेहुणे, तोंड दाबाल तर ती नाकानं घेईल. सगळे हसले. मीही.

शनिवार
शेवटची भेग बुजवली. एखादी मोकळी ठेवा, असे भावोजी म्हणत होते. मी त्यांना शास्त्र सविस्तर समजावले. ते भिंतीला हात लावून उभे राहिले. दाबमापकाचा काटा स्थिर होता, तरी आतून लयीत काहीतरी — झोपलेल्या माणसासारखे. जेल आळत असावे.

सोमवार
ताईचे डोके दुखते. माझेही. स्वयंपाकघराच्या फरशीला बारीक चीर गेली आहे. फरशी उबदार. चिरेवर कागदाचा कपटा धरला. उडाला. मग चिकटला. पुन्हा उडाला.

मंगळवार, सकाळ
भावोजी खाणीत. ताई आडवी झाली आहे. चीर जेलने भरली — दुसरी गेली, तिच्या पलंगाखाली. श्वास आता ऐकू येतो. विचार नीट जुळत नाहीत, पण पद्धत ठाऊक आहे. हवा तोडायची. दार, खिडक्या लावल्या, फटींत ओले टॉवेल —

दुपार
ताई उठत नाही. गाल कसे गुलाबी — बरी दिसते — कपटा तिच्या नाकाशी धरला. हलला नाही.
खिडकी उघडायला — हात उचलवत नाही —
खोलीत एकच श्वास आहे. म्हणजे माझाच.
रोखून पाहिला. तरीही तो —