सीटखालची माती

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आज लिहितेय तेही बहुतेक त्याच धीरावर, की तू वाचणार नाहीस. काल नातवाबरोबर मी दादरला एक गाडी बघायला गेले होते. जर्मन, सेकंडहँड, चार-पाच वर्षं कुणीतरी वापरलेली, पण आरशासारखी चकचकीत. नातू म्हणाला, "आज्जी, नवी घ्यायची तर जन्म जाईल. ही निम्म्यात येतेय, आणि पळते बघ कसली!" त्यानं मला कौतुकानं मागच्या सीटवर बसवलं आणि बसल्याबसल्या माझा हात आपसूक सीटखाली गेला. आत, जिथे कुणाचं फडकं पोचत नाही अशा खाचेत, बोटांना कचकच लागली. बाहेर काढून बघते तर वाळलेली करडी माती. गाडीत काहीतरी सुगंधी फवारलं होतं, पण त्याच्या तळातून पुराच्या गाळाचा वास आलाच. गेल्या जुलैत अर्धी मुंबई बुडाली होती, गाड्या रस्त्यावर तरंगत होत्या. नातवानं विचारलं, "कशी आहे?" मी म्हणाले, "छान आहे." आज पाच वाजता तो उरलेले पैसे द्यायला जाणार आहे.

तुझी आठवण काढायला मला माती पुरते. तू शीव कोळीवाड्याची. तुझे वडील होड्यांची शिडं शिवायचे. तू लग्नात हुंडा म्हणून एक दाभण आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा तुकडा घेऊन आलीस, असं बाबा चेष्टेनं म्हणायचे. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. छातीच्या दुखण्यानं ते गेले आणि मग त्या दाभणावरच आपण दोघी जगलो. चिंचपोकळीच्या एका गॅरेजवाल्याला गाड्यांची कापडी हूडं आणि सीटं शिवणारं माणूस हवं होतं. जाड कॅनव्हास तुझ्याइतका सरळ कुणी शिवत नाही हे त्याला कळलं, आणि आपल्या लालबागच्या खोलीत हातगाडीवरून विलायती गाड्यांची सीटं यायला लागली. चाळीतली पोरं दारात गर्दी करायची. कुठल्याशा संस्थानिकाच्या गाडीच्या सीटवर बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केलाय, आणि त्या सीटवर आमटीचा थेंब सांडला म्हणून तुझा मारही खाल्लाय. तू म्हणायचीस, "बाय, सीट खोललं का गाडीचं पोट दिसतंय. मालक खोटं बोलंल, गादी नाय बोलनार."

डॉक्टर तुला आठवत असतीलच. गिरगावातून ट्रामने यायचे, नाक्यावर त्यांचा दवाखाना. बाबांच्या शेवटच्या वर्षात त्यांनी आपल्याकडून दमडी घेतली नाही. मी मॅट्रिक झाल्यावर मला दवाखान्यात ठेवून घेतलं: नंबर लावायचे, केसपेपर लिहायचे, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्या. हाताला इतका हलका माणूस मी पुढे चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढून पाहिला नाही. टाके घालायला लागले की रडणारं मूल गप्प होऊन त्यांच्या बोटांकडे बघत बसायचं. या माणसाला वेड एकच, गाड्यांचं. टेबलाच्या खणात स्टेथोस्कोपखाली इंग्रजी मासिकांतून कापलेली शर्यतीच्या गाड्यांची चित्रं असायची, आणि पेशंट नसला की ते ती मला दाखवायचे. मला त्यातलं काय कळणार? पण मी "अय्या, केवढी लांब!" म्हणायची आणि ते खूश व्हायचे. मला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी त्यांची शिफारसचिठ्ठी लागणार होती, आणि ती ते देणार होते.

मग ती गाडी आली. एक साहेब मायदेशी परत निघालेला, त्याची. लांब नाकाची, दोनच माणसांची, वर कापडी हूड, जुहूला शर्यतीत पळालेली. गॅरेजवाल्यानं डॉक्टरांना सांगितलं की असा सौदा पुन्हा मिळणार नाही, आणि डॉक्टरांना तेच ऐकायचं होतं. सीटं आणि हूड तुझ्याकडे आली. तू चामडं उसवलंस, आतले घोड्याचे केस बाहेर काढलेस, आणि थांबलीस. त्या केसांत मातीचे खडे अडकलेले होते. तू एक चुरडलास, नाकाला लावलास, जिभेवर ठेवलास. मी किळसवाणं तोंड केलं तर म्हणालीस, "खाडीची हाय ही. माझ्या बापाच्या पायाला रोज हीच माती असायची." तेवढ्यावर तू थांबली नाहीस. रविवारी माहेरी जाऊन आलीस. तुझा भाऊ हसत म्हणाला होता, "व्हय गो, गेल्या पावसाल्यात आमीच पाचसहा जनांनी दोर लावून काढली ती. साहेब पिऊन खाडीत गेलेला. सकालपत्तुर पान्यात व्हती." तू आलीस ती चेहरा काळा ठिक्कर करूनच.

तुझं म्हणणं सोपं होतं. खारं पाणी होडीचा खिळा दोन वर्षांत खातं, तर गाडीतल्या तारा, नळ्या, ब्रेक यांना का सोडेल? वरून रंग मारता येतो. तू म्हणालीस, "बोलले तर माजी शिलाई जाईल, नाय बोलले तर मानूस जाईल." आणि मग तू चिंधीत चार खडे आणि केसांचं एक भेंडोळं बांधून गाठ मारलीस, ती माझ्या हातात दिलीस. "डाक्टरांना दे. सांग, आयनं सांगितलंय, विसार देऊ नका. तू शिकलेली हायस, तुजं ऐकतील." तू स्वतः गेली असतीस, पण दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिलीस की तुला बोलताच यायचं नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं.

ती सकाळ मला अजून दिसते. मी दवाखान्यात शिरते, गाठ ब्लाउजमध्ये खोचलेली आणि छातीला टोचणारी. डॉक्टर उभे आहेत, हातात पेढ्यांचा पुडा. बाकावरच्या म्हाताऱ्या गिरणीकामगाराला ते पेढा देतायत. मला बघून म्हणतात, "ये, ये. विसार देऊन टाकला काल! आता तुझ्या आईनं शिवलेल्या सीटवर पहिलं कोण बसणार? तू!" त्यांचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झालाय. मी पेढा घेते. पेढा तोंडात आहे तोवर बोलायचं नाही, असं मी ठरवते. तो संपतो, तेव्हा पहिला पेशंट आत आलेला असतो. दुपारी सांगू, मग संध्याकाळी सांगू. संध्याकाळी घरी येताना मी ती गाठ गटारात टाकली. तू विचारलंस, "दिलंस?" मी म्हणाले, "दिलं." "काय बोलले?" "बघतो म्हणाले." तू मान हलवलीस आणि आठ दिवसांनी सीटं शिवून परत दिलीस. शिलाई नेहमीसारखीच नेटकी होती.

त्यानंतरचं वर्ष मी कानांत जीव आणून काढलं. सकाळी ती गाडी नाक्यावर वळायची तेव्हा तिचा आवाज आधी यायचा, आणि आवाज आला की मला वाटायचं, आजचा दिवस टळला. गाडी लवकरच आजारी पडायला लागली. आधी डायनामो, मग ब्रेकच्या नळ्या. सामान विलायतेहून यायचं, त्याला परवाना लागायचा, परवान्याला महिने लागायचे. तोवर चिंचपोकळीचा लेथवाला अंदाजपंचे काहीतरी कातून द्यायचा. टायरसुद्धा त्या मापाचे इथे मिळत नव्हते. डॉक्टरांच्या पत्नी एकदा दवाखान्यात येऊन मला म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! एवढ्या पैशांत नवी डॉज गाडी आली असती." डॉक्टर हसले, पण त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी केसपेपरात मान घातली. आणखी महिन्याभरात औषधाच्या बाटलीचा दर वाढला, आणि बाटली न घेता परत जाणाऱ्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. पण आता सांगायचं म्हणजे तेव्हा का नाही सांगितलंस, यालाही तोंड द्यायला हवं. जितका उशीर, तितकी भीती मोठी.

शहरही तेव्हा भीतीनं भरलेलं होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे, हरताळ, लाठ्या, गोळ्या. भिंती घोषणांनी काळ्या झालेल्या. हरताळाच्या दिवशी रस्त्यावर गाडी आणली की दगड पडायचेच, पण डॉक्टरांची गाडी दिसली की पोरंच ओरडायची, "डॉक्टर हाय रे, सोडा!" तशाच एका दुपारी मांडीत गोळी लागलेल्या एका कामगाराला चौघांनी उचलून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मांडी आवळून बांधली आणि म्हणाले, "परळच्या हॉस्पिटलात नेलं पाहिजे, आत्ता." आम्ही त्याला तुझ्या सीटवर बसवलं. मी दार लावलं. माझा हात त्या सीटच्या शिवणीवरून गेला. मी म्हणाले, "डॉक्टर..." ते म्हणाले, "काय गं?" मी म्हणाले, "काही नाही. जपून."

शंभर पावलं गेली असेल गाडी. आधी पुढच्या काचेखालून धूर निघाला, मग ज्वाळा. आतल्या तारांनी पेट घेतला होता. डॉक्टर उडी मारून उतरले ते पळाले नाहीत, पलीकडून आले, दार अडकलं होतं ते हातांनी ओढलं आणि त्या माणसाला बाहेर काढलं. घोड्याचे केस जळल्याचा वास मी पळत पोचेपर्यंत रस्ताभर पसरला होता. तो कामगार वाचला. डॉक्टरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

तू मोसंबी घेऊन त्यांना बघायला आलीस, आणि तुझ्यामागे हॉस्पिटलचा जिना मी एकेक पायरी मोजत चढले. आता तू म्हणणार, "मी निरोप पाठवला होता." मी भिंतीशी उभी राहिले. तू मोसंबी त्यांच्या उशाशी ठेवलीस, बस. पडलेल्या माणसाला टोचून बोलायची तुझी रीत नव्हती. बोलले ते डॉक्टरच. बँडेजमधले हात पोटावर ठेवून म्हणाले, "बाई, सीट काय सुरेख शिवली होती हो तुम्ही. लोक म्हणतात, गाडी कधीतरी पाण्यात गेली असणार. मला कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर!" तू त्यांच्याकडे बघितलंस. मग वळून माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. दाभणात दोरा ओवायला लागतो तेवढाच. जिना उतरताना म्हणालीस, "चल, बाजार व्हायचाय." घरी मी रात्रीच्या जेवणापर्यंत मार खायची वाट बघत होते. तू मारलं नाहीस, विचारलं नाहीस.

पण त्या दिवसानंतर तू माझ्या हाती कुणालाही निरोप पाठवला नाहीस. वाण्याला सांगायचं असो, भावाला बोलवायचं असो, तू चपला घालून स्वतः जायचीस. गॅरेजवाल्याकडे तू स्वतःच जाऊन काय बोललीस कुणास ठाऊक, त्याचं काम त्याच आठवड्यात सुटलं आणि तू गोधड्या शिवायला घेतल्यास. शेवटच्या आजारातही, "शेजारणीला सांगू का, बोलावू का?" म्हटलं तर म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे. मी बरी झाल्यावर सांगेन."

डॉक्टरांच्या बोटांना पुढे नाडी लागत नव्हती. त्यांनी दवाखाना दुसऱ्याला दिला. त्याआधी त्यांनी माझी शिफारसचिठ्ठी लिहवून घेतली आणि खाली सही केली, ती बालवाडीतल्या मुलासारखी वेडीवाकडी. त्या सहीवर मी नर्स झाले, सिस्टर झाले, पेन्शन खातेय. मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की तुझी शिलाई जाऊ नये म्हणून मी गप्प बसले. ते खोटं आहे, आये. शिलाई घालवायला तर तू स्वतः तयार होतीस. मला ती चिठ्ठी हवी होती. ज्याच्याकडून काही हवंय त्याचं तोंड उतरवायची माझ्यात हिंमत नव्हती. कालही तेच झालं. नातू नव्या घरात राहायला जाणार आहे; मला तिथे न्यायचं की इथेच ठेवायचं, हे तोच ठरवणार आहे, आणि मला त्याच्या घरात जायचंय.

साडेचार वाजलेत. बाथरूममधला नळ आत्ताच बंद झाला, नातू आत गुणगुणतोय. काल सीटखालची माती मी रुमालाच्या टोकाला बांधून आणली, ती गाठ समोर टेबलावर आहे. तो विचारेल, "काल का नाही बोललीस?" उठते आता. हा निरोप तुझा नाही, माझाच आहे, आणि ही गाठ मुठीत घेऊन मीच त्याच्या दाराशी जातेय.