बाबांची तीन मिनिटे

प्रिय लिओना,

तू सात वर्षे बाबांशी बोललेली नाहीस, म्हणून हे पत्र मी बहुधा टपालात टाकणार नाही. तरीही लिहिते.

विधिमंडळाच्या अधिवेशनात समितीची अध्यक्ष म्हणून माझा आठवडा ठरलेला असतो. मंगळवारी सुनावणी, गुरुवारी समितीत मतदान, शनिवारी गावी जाऊन लोकांची बोलणी खाणे. सुनावणीत मेन राज्यातील कोणीही बोलू शकतो आणि प्रत्येकाला नेमकी तीन मिनिटे मिळतात. ही व्यवस्था मला फार सुंदर वाटते.

या मंगळवारी बाबा आले, माझ्याच विधेयकाविरुद्ध बोलायला. शिंपल्यांची पैदास वाढावी म्हणून आपली खाडी दोन हिवाळे शिंपले काढायला बंद ठेवायची, असे ते विधेयक.

"अध्यक्षबाई," ते म्हणाले, "खाडी बंद झाली की मोठ्या बोटी खुल्या समुद्रात जातील. आमच्या सहा होड्याही जातील, पण सगळ्या परत येणार नाहीत."

ते बोलतच राहिले. मी म्हणाले, "मिस्टर ऑल्डन, वेळ संपली."

ते अर्ध्या वाक्यात थांबले आणि कागदाची घडी करून जागेवर बसले.

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गुरुवारी मी स्वतःच दुरुस्ती मांडली की लहान होड्यांना खाडी खुली राहावी. नऊ विरुद्ध चार मतांनी ती मंजूर झाली.

शनिवारी गावच्या कॉफीच्या दुकानात माझ्यासमोरच कोणीतरी त्यांना चिडवले, "काय ऑल्डन, पोरीने गप्प बसवलं म्हणे?"

बाबा ताठ मानेने म्हणाले, "तीन मिनिटं तरी दिली. हिच्या आईने कधी एक दिलं नाही."

तुझी धाकटी,
हेस्टर