जुळत नाही

३ फेब्रुवारी
ठाण्याला डॉक्टरांकडे. सायलीच्या बोनमॅरोने रक्त बनवायचं सोडलंय, हे आधीच कळलेलं. आता दुसऱ्याचा घालायचा. त्याला रक्तगट नाही, एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणांचा संच जुळावा लागतो. निम्मा आईकडून, निम्मा बापाकडून येतो. पोरीला भावंडही नाही. डॉ. म्हणाले, "एकेका समाजात ठरावीक प्रकार जास्त सापडतात. तुमचा समाज?" मी आगरी, रेखा बौद्ध. लग्नापासून कोणी असं विचारलं की आम्ही उठून जायचो. आज बसून सांगितलं. डॉ. म्हणाले, "मग अवघड आहे."

४ फेब्रु.
सायली हसत म्हणाली, "म्हणजे पप्पा, दोन्हीकडे अर्धीच. पूर्ण कोणाचीच नाही." जेवण गेलं नाही.

१६ फेब्रु.
ठाकुर्लीला पुतण्याची हळद. भावाने बेंजो थांबवून माइकवर सायलीसाठी नमुने द्यायला सांगितलं. गालात आतून काडी फिरवायची, बस. सगळ्यांची तोंडं मटणाने भरलेली, आधी चुळा भरायला लावल्या. चुलतभाऊ ओरडतोय, "माझा ओ पॉझिटिव्ह, कुणालाही चालतो!" किती वेळा सांगायचं!
माझी आयपण रांगेत. वय झालंय, चालणार नाही म्हटलं तर हलेना. आमच्या लग्नाच्या वेळी हीच म्हणालेली, "आपला त्यांचा जुलत नाय." आज म्हणते, "माजे गालातला का नको?" आधी राग आला. मग रडूच आलं.

२३ फेब्रु.
रेखाच्या भावाने कल्याणच्या विहारात नमुने घेतले. बरीच माणसं आली. माझ्याशी बोलला नाही, पण चहा स्वतः आणून दिला.

२९ मार्च
रिपोर्ट आले. दोन्हीकडचा एकही जुळत नाही. वीट आलाय या शब्दाचा. आईबापाचा अर्धा जुळतो, त्यावरही करतात, पण धोका जास्त. डॉ. म्हणाले, "किती थांबायचं ते तुम्ही ठरवा." आम्ही काय ठरवणार? प्लेटलेट्स परत खाली.

८ एप्रिल
फोन आला. दात्यांच्या नोंदणीत एक जण पूर्ण जुळतोय! माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कोणाच्यातला?"
रेखाने माझ्या हातातून फोन घेतला. लाज वाटली स्वतःची.
नावगाव सांगत नाहीत. कॉलेजात असताना नमुना दिलेला म्हणे. आता त्याचा होकार हवा. तो फोन उचलत नाहीये.

११ एप्रिल
अजून नाही. आय विचारते, रेखाचा भाऊ विचारतो. सायली विचारत नाही.
उचल रे बाबा. कोणाच्यातलाही अस.